मामींच्या घरी पाहुणी आलेली इंग्रजी

इंग्रजांनी आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं म्हणतात. असेल. पण खुद्द इंग्रजीवर राज्य केलेलं माणूस साऱ्या जगात एकच आहे, आणि ते आमच्या सोलापुरात, बाळीवेशीतल्या एका बोळात राहतं. त्या माझ्या मामी; मी नोकरीला लागल्यापासून त्यांच्याच बोळात राहतो. वय साठीच्या पुढं, शाळा सातवीपर्यंत आणि तीही कन्नड, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा, आणि एकदा बोलायला लागल्या की समोरच्यानं गुमान ऐकायचं. इंग्रजीला भले भले बिचकतात. चांगले पगारदार लोक साहेबासमोर 'येस' आणि 'नो' यांच्या पलीकडं जात नाहीत; मी स्वतः वीज मंडळाच्या कचेरीत इतकी वर्षं काढली ती या दोन शब्दांवरच. मामींना असलं काही झालं नाही. त्यांनी इंग्रजीला घरात बोलावलं, पाटावर बसवलं, शेंगाची पोळी वाढली आणि मग कामाला लावलं. नव्या सुनेला लावतात तसं, असं मी एकदा गमतीनं म्हणालो, तर मामी रागावल्या. मला त्या लाडानं 'तम्मा' म्हणतात, म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ. म्हणाल्या, "नव्या सुनेला आधी कामाला लावत न्हाईत तम्मा, आधी बोलतं करतात."

हे त्या अनुभवानं बोलत होत्या. मामींचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, पार कन्नड मुलखात. लग्न होऊन आल्या तेव्हा मराठीचा एक शब्द त्यांना येत नव्हता. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं, आत बायकांची ही गर्दी, आणि सगळ्यांचा एकच धोशा, नाव घे. नाव घ्यायचं ते उखाण्यात, आणि उखाणा मराठीत. नवी नवरी नुसती उभी. कपाळावरच्या मुंडावळ्या थरथरतायत, पण तोंडातून अक्षर नाही. शेवटी थोरल्या मामी, म्हणजे मामींच्या थोरल्या जाऊबाई, मोठ्यानं म्हणाल्या, "मुकी हाय व्हय गं ही?" आणि सगळं घर हसलं. मामींना शब्द कळले नाहीत, हसू कळलं. हसणं कुठल्याही भाषेत कळतंच, असं त्या अजून म्हणतात, आणि म्हणताना पदर उगाच नीट करतात. मामांना दुकानापुरतं कन्नड येत होतं. त्यांनी मागून बायकोला धीर दिला, "दमली हाय ती, आत घ्या" असं बजावलं आणि ती वेळ निभावली. उखाणा राहिला, त्या गडबडीत ओवाळायचंही राहिलं, ते राहिलंच.

पण मामा साधा माणूस नव्हता. त्यांचं भुसार मालाचं दुकान होतं, आणि दुकानात दिवसभर ज्वारीपेक्षा म्हणी जास्त सांडायच्या. रोज संध्याकाळी मामा घरी येताना गजऱ्याबरोबर गिऱ्हाइकाच्या तोंडची एक ताजी म्हण बायकोसाठी आणायचे. मामी दुसऱ्या दिवशी ती म्हण सकाळपासून दिसेल त्याच्यावर चालवायच्या, नेम बसला तर बसला. 'अडला हरी गाढवाचे पाय धरी' ही म्हण आली त्या दिवशी त्यांनी ती सासऱ्यांना जेवायला बोलावताना म्हटली, आणि आजोबांना हसता हसता ठसका लागला. पण वर्ष सरलं आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला याच मामींनी असा काही लांबलचक उखाणा घेतला की थोरल्या मामींच्या हातातलं वाण हातातच राहिलं. म्हणी आधी शिकल्या, व्याकरण मागनं आपल्या पायानं चालत आलं, हा मामींचा सिद्धांत तेव्हापासूनचा.

मामा जाऊन आता काही वर्षं झाली. तेव्हापासून मामींच्या तोंडून उखाणा ऐकला नाही. कोण सांगणार त्यांना नाव घ्यायला? आपण या बाबतीत फार सुधारलेली माणसं. भाषणं ठोकतो, टाळ्या वाजवतो, आणि सवाष्णींचा कार्यक्रम निघाला की अशा बाईला हळूच स्वयंपाकघराकडं वळवतो. वळवावंही लागत नाही, ती आपणच वळते. मला याचा फार संताप येतो, पण माझ्या संतापानं आजवर आमच्या घरातलं एक भांडंसुद्धा हललेलं नाही.

तर एका उन्हाळ्यात मामींच्या मुलाचा, सिद्धारामचा, डब्लिनहून फोन आला. तो तिथं इंजिनिअर आहे. त्यानं मुलगी ठरवली होती, आणि ती पोलंडची होती. घरात एकच कल्लोळ झाला. वरच्या मजल्यावरून थोरल्या मामी खाली आल्या आणि पोलंड कुटं आलं, तितं कशाची भाकरी खातात, इथपासून चौकशा सुरू झाल्या. मामींनी मात्र एकच विचारलं, ती पोर बोलती कुठल्या भाषेत? सिद्धाराम म्हणाला, माझ्याशी इंग्रजीत. लग्न तिकडं नोंदणी करून करणार, आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला सोलापूरला येणार, इथं मोठं जेवण घालू. फोन ठेवून मामी माझ्याकडं वळल्या. "मला इंग्रजीच्या क्लासला घाल," म्हणाल्या. "माझ्या उंबऱ्यावर दुसरी पोर मुकी उभी राहायची न्हाई."

मी म्हटलं, या वयात? तर त्यांनी मला बोटं मोजून दाखवली. घरात मराठी, माहेरची कन्नड, शेजारच्या विणकरांच्या घरामुळं तेलुगू, समोरच्या चाचींमुळं दखनी. चार भाषांना पुरून उरलेल्या बाईनं पाचवीला काय भ्यायचं?

क्लास एका मोबाइलच्या दुकानाच्या वर होता. कॉलेजची पोरं मागं बसून खाली माना घालून फोन बघायची, आणि पुढच्या बाकावर मामी, मांडीवर पिशवी, पिशवीत सरांसाठी धपाटे. सर बिचारे जेमतेम पंचविशीतले. ते वर्गात आले की पोरं 'गुड मॉर्निंग' म्हणायची आणि मामी विचारायच्या, "ऊटा आयता?" जेवण झालं का, हे कन्नडमध्ये विचारल्याशिवाय मामी कुठलाच व्यवहार सुरू करत नाहीत. सर काळ शिकवायला लागले की मामी शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि शेवटी म्हणायच्या, हे झालं, आता म्हण सांगा. सरांनी एकदा समजावलं की आजी, व्याकरण पक्कं नसेल तर पुढं अडचण येते. मामी म्हणाल्या, "सर, व्याकरण म्हंजे डोक्यावरचा पदर. सरकला तर सावरायचा. म्हणून भाकरी थापायच्या थांबवायच्या व्हय?" मागची पोरं त्या दिवशी पहिल्यांदा फोनमधून मान वर काढून हसली, आणि सरांनी आठवड्याला एक इंग्रजी म्हण द्यायचं कबूल केलं.

मग दर सोमवारी मामींच्या घरी एक म्हण पाहुणी यायची. स्वयंपाकघराच्या दाराशी पाटीवर खडूनं लिहून ठेवलेली असायची, आणि ती मुक्कामाला असेपर्यंत घरात पाय टाकणाऱ्यानं तिची विचारपूस करायलाच हवी. दूधवाला, भाजीवाली, मीटर बघायला आलेला आमच्याच कचेरीतला माणूस, कुणी सुटलं नाही. आणि पाहुणी खरी की खोटी, हे मामी स्वतः पारखून घ्यायच्या. सोप्या कामाला इंग्रजीत 'अ पीस ऑफ केक' म्हणतात हे कळल्यावर त्यांनी मला बेकरीत पिटाळलं, केक आणवला, खाल्ला, आणि करायचा कसा तेही विचारून घेतलं. मग निकाल दिला की ही म्हण करणाऱ्याची नाही, आयतं खाणाऱ्याची आहे. कुठल्या तरी पुरुषानं काढली असणार. मी वाद घातला नाही, कारण तेव्हा माझ्या हातात केकचा दुसरा तुकडा होता.

'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' ही पाहुणी जूनमध्ये आली आणि तिनं मामींना फार छळलं. सोलापूरच्या आभाळाला ती म्हण झेपणारी नव्हती. इथं चार थेंब पडले तर लोक अंगणात उभं राहून मोजतात. जुलै गेला, ऑगस्ट गेला, नव्या पाहुण्या येऊन गेल्या, पाटीच्या कोपऱ्यातली हिची अक्षरं पुसट झाली, पण वापरल्याशिवाय पाहुणीला निरोप द्यायचा नाही हा मामींचा हट्ट. सप्टेंबरमध्ये एका दुपारी आभाळ फाटल्यासारखा पाऊस आला, बोळातून पाणी वाहायला लागलं, लोक दारांना फळ्या लावायला धावले, आणि मामी फोन घेऊन पायरीवर बसल्या. एकेका नातेवाइकाला फोन लावायचा, "इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज" एवढंच म्हणायचं आणि ठेवून द्यायचा. बार्शीला माझ्या आईलाही फोन गेला. आईनं लगेच मला फोन करून विचारलं, वहिनींची तब्येत बरी आहे ना रे?

सगळ्यात कसोटी लागली ती 'ब्रेक अ लेग'ची. कुणी परीक्षेला किंवा स्टेजवर निघालं की इंग्रज त्याला पाय मोड म्हणतो, आणि तो आशीर्वाद असतो, हे ऐकून मामींनी दोन्ही कानांना हात लावले. असलं अभद्र आपल्या तोंडून यायचं नाही म्हणाल्या. पण शिकायचं तर सगळं शिकायचं, गाळून नाही, हाही त्यांचाच नियम. माझी मुलगी दहावीच्या चाचणी परीक्षेला निघाली तेव्हा मामींनी तिला उंबऱ्याशी थांबवलं, डोळे मिटून "ब्रेक अ लेग" म्हटलं, आणि लगेच मीठ-मोहऱ्या-मिरच्या घेऊन तिची दृष्ट काढली. मिरच्यांचा खाट सगळ्या बोळात पसरला, चाची खोकत बाहेर आल्या, पोरीला पेपरला उशीर झाला. तेव्हापासून आमच्या घरात ही म्हण दृष्ट काढल्याशिवाय कुणी उच्चारत नाही. पोरगी पास झाली. श्रेय कुणाचं, यावर मामी आणि सर यांचं अजून एकमत नाही.

एकच पाहुणी मामींनी दारातून परत पाठवली. मरणाला इंग्रजीत 'किक द बकेट' म्हणतात, असं सरांनी सांगितलं आणि वर्गात हशा पिकला. मामी हसल्या नाहीत. बादलीला लाथ मारून जाणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता; त्यांनी पाहिलेला माणूस जाताना दुकानाची किल्ली नीट खुंटीवर आहे ना, हे विचारून गेला होता. त्यांनी सरांना विचारलं, याच्यासाठी दुसरं काही नाही का? सर वरमले आणि म्हणाले, 'पास्ड अवे' असंही म्हणतात. "म्हंजे पुढं निघून गेले," मामी म्हणाल्या. "हे बरं हाय. वाटेत भेटत्याल तरी." ती म्हण मात्र पाटीवर लिहिली गेली नाही.

दिवाळीच्या आधी सिद्धारामनं व्हिडिओ कॉलवर सुनेची गाठ घालून दिली. मामी इरकल नेसून, केसांना तेल लावून फोनसमोर बसल्या. 'हाऊ आर यू' झालं, 'आय अॅम फाइन' झालं, ऊटा आयता झालं, आणि मग मामींनी ठेवणीतली म्हण काढली. तू आल्यावर आपण 'लाइक अ हाउस ऑन फायर' राहू, म्हणजे दोघींचं छान जमेल, असं त्यांना म्हणायचं होतं. पोरगी गप्प झाली. तिचा चेहराच उतरला. हाच चेहरा घेऊन मामी एकदा उंबऱ्यावर उभ्या राहिल्या होत्या. सिद्धाराम मध्ये पडला आणि त्यानं सांगितलं की आई, तुझं चुकलं नाही, तिला ही म्हण माहीतच नाही. तिची भाषा पोलिश आहे, इंग्रजी तीही शाळेत शिकली, आणि डब्लिनला गेल्यावर लोकांच्या म्हणी न कळून तीही किती दिवस ऑफिसात गप्प बसायची.

मामींनी हे ऐकलं आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की बास. "म्हंजे इंग्रजीच्या घरात ती पण सासरवाशीणच की!" म्हणाल्या. त्या दिवसापासून दोघींचं असं काही मेतकूट जमलं की सिद्धारामला स्वतःच्याच आईशी बोलायला वेळ ठरवून घ्यावी लागे. मामी इकडून एक म्हण पाठवायच्या, ती तिकडून एक पाठवायची. पोलंडमध्ये नसत्या भानगडीत न पडणाऱ्याला म्हणे 'माझी सर्कस नाही, माझी माकडं नाहीत' असं म्हणतात. ही म्हण मामींना इतकी आवडली की थोरल्या मामी वरून भांडणाचं काही सांगायला आल्या की मामी ज्वारी निवडता निवडता मान न वर करता म्हणायच्या, "नॉट माय सर्कस, नॉट माय मंकीज." थोरल्या मामींना अर्थ कळायचा नाही, पण रोख बरोबर कळायचा आणि त्या तशाच वर जायच्या.

उंबऱ्यासाठी मामींनी एक इंग्रजी उखाणाही तयार केला. सुखात, दुःखात, काहीही झालं तरी, याला इंग्रजीत 'थ्रू थिक अँड थिन' म्हणतात, ती म्हण घेऊन त्यांनी तो जुळवला आणि सुनेला पाठवला. पोरीनं पाठ केला. फोनवर रोज म्हणून दाखवायची. सगळं ठरल्याप्रमाणं चाललं होतं.

जानेवारीत ती आली. पुण्याहून गाडी करून दोघं थेट बोळाच्या तोंडाशी उतरली. मामींनी पाठवलेली इरकल तिनं वाटेत कुठं तरी नेसली होती, निऱ्या जरा पुढं-मागं, पण गोड दिसत होती. उंबऱ्यावर माप ठेवलेलं. ओवाळायला थोरल्या मामी तबक घेऊन पुढं. मागं सगळा बायकांचा थवा, बार्शीहून माझी आई, नातेपुत्याची मावशी, शेजारपाजार, चाची. आणि मामी कुठं? स्वयंपाकघराच्या दारात. मी म्हटलं, पुढं या, तुमची सून आहे. त्या म्हणाल्या, असू दे, मी हितनंच बघते, शुभ काम हाय. मला असा राग आला की सांगता सोय नाही, पण तेवढ्यात बायकांचा धोशा सुरू झाला. नाव घे, नाव घे. कुणी मोबाइल उंचावले, कुणी हसलं. पोरीनं तोंड उघडलं, आणि तिचं सगळं पाठांतर उडालं. एवढे चेहरे, एवढा गलका. ती नुसती उभी राहिली. तिनं सिद्धारामकडं पाहिलं, मापाकडं पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मागून कुणी तरी हळूच म्हणालंच, "अगं, हिला बोलायला येतंय का न्हाई?"

मामी स्वयंपाकघरातून निघाल्या. बायकांना बाजूला सारत आल्या, मापाला वळसा घालून उंबरा ओलांडून बाहेर गेल्या, आणि सुनेच्या शेजारी, घराकडं तोंड करून उभ्या राहिल्या. तिचा हात त्यांनी आपल्या हातात घेतला. उखाण्याची तर तिला आठवण करून द्यायची होती, पण बाईनं नाव घ्यायचं ते आपल्याच माणसाचं. दुसऱ्या कुणाचं घेणार? मामींनी चष्मा वर केला आणि खणखणीत आवाजात म्हटलं,

"थ्रू थिक अँड थिन, थ्रू सन अँड रेन,
आय टेक मल्लिकार्जुन्स नेम अगेन."

इंग्रजी तिथं फारशी कुणाला कळली नसेल, पण मामांचं नाव सगळ्यांना कळलं. माझी आई त्यांची बहीण. तिनं पदर तोंडाला लावला. आणि मग सुनेला सगळं आठवलं. मामींचा हात घट्ट धरून, मामींपेक्षाही मोठ्यानं, तिनं तोच उखाणा सिद्धारामच्या नावानं घेतला, एकही शब्द न चुकता. बायकांनी टाळ्यांचा असा कडकडाट केला की पलीकडच्या बोळातली पोरं पळत बघायला आली. थोरल्या मामी तबक घेऊन तशाच उभ्या होत्या. त्यांनी सुनेला ओवाळलं, आणि तबक खाली ठेवलं नाही. ते मामींकडं वळवलं.

"थांब," त्या म्हणाल्या. "तुला बी ओवाळते. तवाच ओवाळायचं राहिलं होतं."

पाच भाषा येणाऱ्या त्या बाईनं त्या वेळी नुसता पदर डोक्यावर घेतला आणि मान पुढं केली. थोरल्या मामी निरांजन फिरवत होत्या, आणि मी माझ्या संतापासकट एका कोपऱ्यात उभा राहून मनसोक्त रडून घेतलं.

पंगती उठल्यावर सून ओट्याशी उभी राहून चाचींना ऊटा आयता विचारत होती, चाची तिला दखनीत उत्तर देत होत्या, आणि दोघींचं उत्तम चाललं होतं. मामी पायरीवर येऊन माझ्याशेजारी टेकल्या. पाटीवर आता पुढच्या सोमवारी कुठली पाहुणी आणायची, असं मी विचारलं. त्यांचं लक्ष नव्हतं. हळूच म्हणाल्या, "तम्मा, तुझ्या मामांना इंग्रजी येत नव्हतं रे. त्यांना कळलं असंल का?"

मी म्हटलं, "मामी, नाव तर त्यांचंच होतं की."

त्यांनी जरा विचार केला. "व्हय की," म्हणाल्या, आणि पदर सावरून सुनेला वाढायला आत गेल्या.